मातामायचा बोकड

१९८६च्या चैत्रात गावाने मातामायला बोकड दिला आणि आतडी धुवायला नेहमीप्रमाणे गुणाबाईला बोलावणे आले. देवीच्या बोकडाच्या आतड्यांना सवाष्णीने हात लावायचा नाही, ते काम विधवेचे, असा नागभीडकडच्या त्या खेड्याचा रिवाज. बारा वर्षे ती हे करत होती. तिची सोळा वर्षांची मुलगी कमळा लहानपणापासून शेजारी बसायची, कुत्र्यांच्या गळ्यात हात टाकून.

"माय, पाह्य, याच्याई कलेजीत हाय," कमळा म्हणाली.

लिंबाएवढी, पाण्याने भरलेली पांढरी पिशवी. असली कलेजी देवीला चालत नाही, ती कुत्र्यांना टाकायची. मागे एकदा लस टोचायला आलेल्या ढोरांच्या डॉक्टरांनी पंच बापूरावांना सगळ्यांदेखत बजावले होते, "हे पुरून टाका. कुत्र्यानं खाल्लं की त्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून पोरांच्या तोंडात जातात, आणि माणसाच्याही कलेजीत अशीच पिशवी वाढते."

"मातामायच्या आवारात खड्डा? भलतंच!" बापूराव हसले होते. गुणाबाईने बापूरावांचे ऐकले, आताही कलेजी कुत्र्यांना टाकली.

श्रावणात कमळाचे पोट लुगड्यातून दिसू लागले. विहिरीवर कुजबूज सुरू झाली. गुणाबाईने पोरीच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. बारा वर्षे हाताखालून गेलेली ती पिशवी तिला बरोबर कळली.

पण गावाला पोरीचे पोट म्हटले की एकच गोष्ट सुचते. दुपारी पंच जमले.

"कोनाचं हाय? नाव सांग," बापूराव गरजले.

"भाऊ, पाया पडतो तुमच्या," गुणाबाई म्हणाली. "बोकडाच्या कलेजीत असते तशी थैली हाय ते. महिन्याच्या महिन्याले पोरगी परसात बाहेर बसते, हे तुमच्या बायकाईनं नाई पाह्यलं का? सकायच्या गाडीनं ब्रह्मपुरीच्या डॉक्टरले दाखवू द्या."

"म्हंजे पाप तिकडं टाकून येशीन! गिरजाबाई, आत्ताच्या आत्ता पोट मोकळं कर इचं. नाईतर या घराले गावाची विहीर बंद."

महिन्याला विटाळ पाळणारे हेच गाव, पण त्या विटाळाची साक्ष काही त्याला पटली नाही. चार बायकांनी गुणाबाईला अंगणात धरून ठेवले. आत सुईण गिरजाबाईने हातांना तेल लावून कमळाचे पोट दाबायला घेतले.

"माय! इले सांग ना वं, दाबू नको म्हनून!"

गुणाबाईने धरणारीच्या हाताचा चावा घेतला, तरी पकड सुटली नाही. आत एक किंकाळी उठली. गिरजाबाई धावत बाहेर आली तेव्हा कमळाच्या सर्वांगावर गांधी उठल्या होत्या आणि श्वास अडला होता. पिशवी आतल्या आत फुटून तिचे पाणी अंगात भिनले होते. बैलगाडी जुंपेपर्यंत पोर गेली.

"पोटात लेकरू नव्हतं," गिरजाबाई एवढेच बोलली. बापूरावांनी तिला गप्प बसवले.

पुढच्या चैत्रात त्याच गावाने गुणाबाईला पुन्हा बोलावले. लाज वाटायला हवी होती, पण आतडी दुसरे कोण धुणार? ती आली. बोकड चिरला. कलेजीत नारळाएवढी पिशवी निघाली. कुत्री पुढे सरसावली तशी तिने काठी उगारली आणि कलेजी थाळीत घेऊन बापूरावांसमोर ठेवली.

"भाऊ, हा बोकड हाय. विचारा याले, कोनाचं हाय ते. नाव घ्या याच्या तोंडून!"

बापूरावांनी मान वर केली नाही.

"आता हे कुत्र्याले जानार नाई. इथीच पुरीन. कोनाले विहीर बंद करायची असन त्यानं करावी."

ती हातांनीच माती उकरू लागली. चैत्रातली कोरडी माती, नखे तुटली, तरी ती थांबेना. कोणी पुढे येईना. मग बायकांतून गिरजाबाई उठली, घरी जाऊन कुदळ घेऊन आली, आणि तिच्या शेजारी खणू लागली.