सतरावी फाईल

आम्ही तपासणीला गेलो की आमच्यापुढे चहा येतो आणि आम्ही पाठ फिरवली की आमच्या नावाने बोटं मोडली जातात. सरकारी लेखापरीक्षक म्हणून एकोणीस वर्षं मी हे दोन्ही पाहत आले आहे. बोटं मोडणाऱ्यांना मी मोडू देते. चहा मात्र घेत नाही. तपासणीवर असताना पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायचं, हे मला मामाने शिकवलं.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्याने आम्हा दोघींना आपल्या घरी आणलं, माझ्या शाळेच्या फीपासून चष्म्यापर्यंत सगळं पाहिलं. ज्या लेखापरीक्षण कार्यालयात त्याने उभी हयात घालवली, तिथेच पुढे मी परीक्षा देऊन लागले. वशिल्याने लागले असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडायला उठते.

आमच्या कामात सगळ्या फाईली तपासायला कधीच वेळ मिळत नाही. थोड्या निवडायच्या आणि त्यांवरून बाकीच्यांची परीक्षा करायची. कशा निवडायच्या ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि कुणालाही सांगायचं नाही. मामाची पद्धत साधी होती. कपाटापुढे उभं राहायचं, नवव्या फाईलवर बोट ठेवायचं, कारण आईचा जन्म नऊ तारखेचा, आणि तिथून पुढे दर सतरावी फाईल ओढायची. मोजायचं ते हाताने, फाईलीवरच्या क्रमांकावर विसंबायचं नाही. "रजिस्टर रातोरात नवं लिहिता येतं चिंगे, कपाट नाही," असं तो म्हणायचा. जुन्या मासिकांची चळत लावून त्याने माझ्याकडून हे गिरवून घेतलं होतं. जरा चुकलं की त्याचं एकच वाक्य यायचं. चुकलं असेल तर पहिल्यापासून मोज.

एकोणीस वर्षांत मी मोजण्यात चुकले नव्हते आणि पद्धतही बदलली नव्हती. त्यातली दुसरी गोष्ट शुद्ध मूर्खपणाची होती, हे आता कळतं. तेव्हा मला ती निष्ठा वाटायची.

तर गेल्या महिन्यात माझ्याकडे कल्याण खात्याचं एक कार्यालय आलं. ज्यांना चालता येत नाही अशा दोनशे जणांना सरकारी पैशातून चाकांच्या खुर्च्या दिल्याची नोंद होती. माणशी एक फाईल, दोनशे फाईली, एक लोखंडी कपाट. कार्यालयाचा प्रमुख इतका गोड बोलायचा की मी मनातल्या मनात त्याचं नाव लोणी ठेवलं. मी मागायच्या आत त्याने कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

"मॅडम, कुठलीही फाईल घ्या. सगळं आपलंच आहे."

मी मोजल्या, बारा फाईली काढल्या आणि त्या सहीशिक्क्याने ताब्यात घेतल्या. कागद चोख होते. अर्ज, डॉक्टरांचा दाखला, फोटो, आणि खुर्ची मिळाल्याच्या पावतीवर अंगठा. एवढा चोखपणा दिसला की माझ्या कपाळाला आठी पडते. दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि बारा घरं बघायला निघाले.

पहिलं घर शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं होतं, जिन्याखालची एकच खोली. चार लहान चाकं ठोकलेल्या फळीवर बसून त्या हातांनी जमीन रेटत दारापर्यंत आल्या. तळहातांना त्यांनी चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"खुर्ची? अर्ज केला होता खरा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. माझा भाऊ दर महिन्याला विचारायला जायचा, मग त्यानेही नाद सोडला."

मी पावती पुढे धरली. त्यांनी ती उजेडात नेऊन पाहिली.

"हा कुणाचा अंगठा? मी सही करते. माझे पाय गेलेत, हात शाबूत आहेत."

दुसऱ्या घरातल्या माणसाने स्वतः चालत येऊन दार उघडलं. तिसऱ्या घरातल्या आजोबांना अर्जाच्या तारखेआधीच जाऊन तीन वर्षं झाली होती. दोन दिवसांत बारा घरं पालथी घातली आणि एकाही घरात खुर्ची दिसली नाही. मला राग आला होता, पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला होता. चोर मुद्देमालासकट सापडला की आमच्या अंगावर मूठभर मांस चढतं. मामाला कधी सांगते असं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्या बारा फाईली लोण्याच्या टेबलावर ठेवल्या. त्याला घाम फुटेल असं वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. तो नुसता गोंधळला. त्याने एक फाईल उचलली, क्रमांक पाहिला, मग दुसरी, मग तिसरी.

"दहा, सत्तावीस, चव्वेचाळीस," तो पुटपुटला. "पण तुम्ही तर नऊ, सव्वीस..."

आणि त्याने जीभ चावली.

मी सरळ कपाटापाशी गेले आणि पहिल्यापासून मोजायला लागले, या वेळी प्रत्येक फाईल हातात घेऊन. तिसरी आणि चौथी एकमेकींना चिकटल्या होत्या. लेबलाचा डिंक ओघळून वाळला होता आणि त्या दोन फाईली मी एक म्हणून मोजल्या होत्या. तिथून पुढचं सगळं एकाने सरकलं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी चुकले होते. आणि जी मोजणी मी कुणालाही सांगितली नव्हती, माझ्या हाताखालच्या माणसांनाही नाही, ती या लोण्याला तोंडपाठ होती.

नऊ, सव्वीस, त्रेचाळीस, साठ. तशा बारा फाईली ताब्यात घेऊन मी निघाले. चारच घरं पाहिली, तेवढी पुरली. चारही घरांत खुर्ची होती, नवी कोरी, सरकारी क्रमांक घातलेली. सव्वीस नंबरच्या फाईलीतले गृहस्थ खुर्चीतून कौतुकाने मला सामोरे आले.

"तुमच्या खात्याची मात्र कमाल आहे," ते म्हणाले. "मागच्या महिन्यातही एक साहेब येऊन गेले. वयस्कर होते. खुर्ची नीट चालते का, ब्रेक लागतो का, सगळं बघितलं. चहा विचारला तर म्हणाले, कामावर असताना मी पाणीसुद्धा माझंच पितो. पिशवीतून बाटली काढली आणि प्यायले. अशी माणसं राहिली नाहीत हो आता."

मी त्यांच्या दारातच बसले. हातात बाटली होती, झाकण उघडलेलं, आणि मला तिच्यातला एक घोट घेववेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाकडे गेले. तो खिडकीपाशी पेपर वाचत होता, बातमीतले आकडे पेन्सिलीने तपासत, नेहमीसारखा. मामीने न विचारता चहा आणून ठेवला, आलं जास्त आणि साखर कमी, मला लागतो तसा. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. ती आत गेल्यावर मी चिकटलेल्या फाईलींचं सोडून बाकी सगळं सांगितलं. शिवणकामवाल्या बाईंच्या तळहातावरच्या चिंध्यासुद्धा सांगितल्या.

त्याने पेपरची घडी घातली. नाकारलं नाही.

"निवृत्त झालो आणि फोन वाजायचा बंद झाला," तो म्हणाला. "ज्यांना मी घाम फोडायचो ते ओळख दाखवेनात. मग हा माणूस आला. सल्ला द्या म्हणाला, फी देतो म्हणाला. पहिल्यांदा नियमच सांगितले गं मी. नंतर तो म्हणाला, तपासणीला तुमची भाची येणार आहे."

"आणि तू मोजणी सांगितलीस."

"बारा आकडे सांगितले. त्याने बाराच खुर्च्या घेतल्या. मी जाऊन बघून आलो, त्या बाराजणांना मिळाल्या की नाही."

हे सांगताना त्याच्या आवाजात काम चोख केल्याचं समाधान होतं. त्या आवाजाने मी सगळ्यात जास्त हादरले. परक्याने फसवलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. इथे ज्याने मला जेवू घातलं, त्यानेच माझा केसाने गळा कापला होता.

"चुकलीस कुठे?" त्याने विचारलं. लहानपणी गणिताची वही बघताना विचारायचा, अगदी तसं.

"तिसरी आणि चौथी चिकटली होती."

त्याने मान हलवली. "मी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, माझी भाची मोजण्यात कधी चुकायची नाही."

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी जन्मभर झुरले होते. त्याने ते आधी लोण्याला ऐकवलं होतं, तेही पैसे घेऊन.

आणि मग मला जे सुचायला नको होतं ते सुचलं. मामाला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत मी तीसेक कार्यालयं तपासली होती. त्यांतल्या बऱ्याच अहवालांवर, काही आक्षेपार्ह आढळलं नाही, असं लिहून खाली सही केली होती. प्रत्येक वेळी नववी आणि तिथून दर सतरावी. त्यांतलं खरं किती, हे आता मलाही सांगता येणार नव्हतं.

"मामा, आणखी कुठे कुठे सांगितलंस?"

आकड्याच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नाही, तो त्याचा पिंड नाही. त्याने डावा हात मांडीवर घेतला. करंगळीच्या खालच्या पेरावर अंगठा ठेवला, मग मधल्या, मग वरच्या. ओठ हलत होते. करंगळी संपली, अनामिका संपली. मधल्या बोटावर तो अडखळला, परत मागे गेला आणि माझ्याकडे बघायला लागला.

मी चहाचा कप टेबलाच्या पलीकडे सरकवला. पिशवीतून माझी बाटली काढली, दोन घोट प्यायले, आणि वही उघडून वर तारीख घातली. हा कागद वर गेल्यावर त्याच्याबरोबर माझीही चौकशी होणार होती, आणि ती व्हायलाच हवी होती. अक्षर ठीक आलं.

"चुकलं असेल तर पहिल्यापासून मोज," मी म्हणाले. "मी लिहून घेते."