अंजिराचा थेंब

गावची अंजिरं ट्यूनिसला नेणाऱ्या लसादने परत आलेली पेटी मन्नूबियापुढे आदळली.

"घ्या मावशी, तुमची गळकी अंजिरं! शहरातली गिऱ्हाइकं म्हणतात, सडलीत. बुडाला पाणी सुटलंय."

जेब्बा गावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये अंजिरं भरणाऱ्या बारा बायांचे हात थांबले. मन्नूबियाने एक अंजीर उचललं. बुडाशी मधासारखा थेंब लोंबत होता. तिने ते तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"ओढ्याकडचं झाड. मंगळवारी पहाटे तोडलंय. आणि तोडणारी नवऱ्याशी भांडून आली होती."

कोपऱ्यातल्या सालहाने गुपचूप तोंड ओढणीआड केलं.

गावात याचं कोणाला नवल नव्हतं. मन्नूबिया झाडाखालून नुसती गेली तरी कच्ची अंजिरं लगबगीने पिकतात, असं शपथेवर सांगणारे पुष्कळ होते, आणि त्यातले निम्मे तरी खरं बोलत. रोजच्या तोडणीतलं सर्वांत टपोऱ्या थेंबाचं अंजीर तिचं. त्याला कोणी हात लावत नसे.

"शुक्रवारी चाळीस पेट्या जायच्यात," लसाद म्हणाला. "त्या परत आल्या तर दुकानदार आपलं तोंड बघणार नाही. मग शेडला कुलूपच."

"पेटीवरचं लेबल वाच."

"जेब्बाची अंजिरं. एक किलो. ताजी, उत्तम."

"तू कलिंगड घेताना काय विचारतोस रे?"

"गोड आहे का. आज कापू की उद्या."

"मग यात त्यातलं काय आहे?"

लसादने कागद उलटा करून पाहिला, जणू उत्तर मागच्या बाजूला असेल.

"लिही," मन्नूबिया म्हणाली. "आज पहाटे तोडलं. आजच खा. बुडाला थेंब दिसला तर घाबरू नका, तीच गोडी."

"आजच खा? असं कोणी छापतं का, मावशी? दुकानदार मला दारात उभं करणार नाही."

"नको करू दे. गिऱ्हाईक तर करेल."

शनिवारी सकाळी लसादची गाडी चढ चढून आली, तेव्हा शेडमधल्या बाया दाराशी जमल्या. तो उतरला. हातात एक पेटी होती.

"एकोणचाळीस दुपारच्या आत संपल्या," तो म्हणाला. "ही एक परत आली. बाई फार चिडली होती."

"सडलीत म्हणून?"

"नाही हो! म्हणते, लेबलावर थेंब लिहिलाय, मग माझ्या एकाही अंजिराला थेंब कसा नाही? फसवता का?"

बाया पोट धरून हसल्या. मन्नूबिया हसली नाही. तिने त्या पेटीतलं एकेक अंजीर उलटं करून पाहिलं. खरंच, सगळी कोरडी. तिने पेटी रिकामी केली, त्या पहाटेची अंजिरं नीट रचून भरली, आणि मधोमध थोडी जागा ठेवली. मग फळीवर पानात गुंडाळून ठेवलेलं आपलं अंजीर काढून तिथे बसवलं.

"आत्ताच्या आत्ता त्या बाईकडे निघ," तिने पेटी लसादच्या हातात दिली. "आजच खायचंय. लिहिलंय ना आपण?"

बोटाला लागलेला थेंब तेवढा तिने चाटला.