पानांखालची हेर्मीना

घरं हलवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात घर कधी दिसत नाही. तिथे पोचतो तो घराचा आवाज. पडदे उतरवलेल्या खोलीतून आलेला फोन वेगळा वाजतो, पोकळ, विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा. ब्रेमरहाफेनच्या बंदराजवळच्या त्या ऑफिसात बसून वीबके हे आवाज ऐकत आली होती. कुणाचं घर साओ पावलोला, कुणाचं ओसाकाला. कपाटं, पियानो, पाळणे तिच्या फोनवरून समुद्र ओलांडत, आणि संध्याकाळी ती आपल्या दोन खोल्यांत परत येई. त्या खोल्या तिने कधी हलवल्या नव्हत्या.

त्या सकाळी खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी धरली होती. दार उघडून ओनो त्यादेन आत आले, टोपी हातात घेऊन. वीबके त्यांना ओळखत होती. त्यांची मुलगी झिल्के हिच्याच घराचं सामान परवा बांधलं होतं आणि ऑस्ट्रेलियात पर्थला निघालं होतं. झिल्के, तिचा नवरा आणि दोन मुलं काल विमानात बसली. म्हातारे मागे राहिले.

"मोइन," त्यांनी तिकडच्या रीतीने नमस्कार केला आणि टोपी हातात फिरवत उभे राहिले.

वीबकेने त्यांना बसवलं. कपात खडीसाखर टाकली, वर कडक चहा, काठाने साय सोडली. ओनोंनी कपाला तोंड न लावताच चमचा कपात उभा केला. त्या भागात चमचा उभा केला की बस, आता नको. पहिल्याच कपाला असं कुणी करत नाही. वीबकेने किटली खाली ठेवली.

"आजोबा, झालं काय?"

त्यांनी कोटाच्या खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. लाल-पांढरी प्लॅस्टिकची पट्टी. रुमालासारखी नीट घडी केलेली.

वीबकेने ती पट्टी ओळखली. ती दर गिऱ्हाइकाला तीच देई. घरातली एक खोली निवडा, जे न्यायचं नाही ते तिथे ठेवा, दारावर ही पट्टी बांधा. पट्टी असेल त्या दाराला आमची माणसं हात लावत नाहीत. पट्टी नसेल तर सगळं बांधतात, न्हाणीघरातला भिजलेला साबणसुद्धा. एकदा त्यांनी एका डॉक्टरांची कचऱ्याची टोपली कचऱ्यासकट बांधून मॉन्ट्रियलला पोचवली होती, आणि ती गोष्ट अजून ऑफिसात सांगितली जाई.

ओनो हळूहळू सांगू लागले. झिल्केच्या तळघरात कपडे धुण्याची खोली होती. तिथे भिंतीलगत एक लाकडी पेटी होती, बाजूंना भोकं पाडलेली. पेटीत माती, मातीवर ओकची वाळकी पानं, आणि पानांच्या खाली हेर्मीना झोपलेली. हेर्मीना म्हणजे कासव. ओनोंच्या बायकोने, अल्मुथने, लग्नाच्या वर्षी आणलेलं. दर हिवाळ्यात ती चार-पाच महिने थंडाव्यात झोपते, मार्चमध्ये पानं हलतात आणि नाक वर येतं. अल्मुथ आता नाही, आणि ओनोंच्या घरात तळघर नाही, म्हणून हेर्मीनाचा हिवाळा लेकीकडे. आता लेक चालली, पण हेर्मीना आजोबांपाशी राहणार असं ठरलं होतं. शेजाऱ्याचं थंड गॅरेजही मागून ठेवलं होतं. झिल्केने आठवणीने धुण्याच्या खोलीला पट्टी बांधली.

"बांधाबांधीच्या आदल्या संध्याकाळी मी तिला बघायला गेलो," ओनो म्हणाले. "रोज जायचो. दाराला ही आडवी होती. सोडली. आत बसलो थोडा वेळ. येताना दार नीट लावलं." ते घडीकडे बघत राहिले. "पट्टी लोंबकळत कशी ठेवायची, पोरी? घडी केली आणि खिशात टाकली."

मधले दोन दिवस लेकीच्या निरोपात गेले. आज सकाळी शेजाऱ्याची गाडी घेऊन ते पेटी आणायला गेले. धुण्याच्या खोलीत फक्त नळ टपटपत होता.

म्हणतात, कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. इथे उलटं होतं. एक म्हातारा रोज संध्याकाळी भोकांतून पानांच्या ढिगाकडे बघत बसे, आणि त्या बघण्यावरच दोघांचा हिवाळा तरून जाई. ती नजर परवा तुटली होती.

वीबकेने मुकादम तामोला आत बोलावलं. तामोने ऐकलं आणि त्याचा राकट चेहरा उतरत गेला. हो, भोकं पडलेली पेटी होती. त्याला वाटलं सफरचंदांच्या जुन्या पेटीत काहीतरी घरसामान भरलंय. झाकण स्क्रूने बसवलेलं, हत्यारांची पिशवी तेवढ्यात ट्रकमध्ये गेलेली, गल्लीत ट्रक आडवा म्हणून शेजारीण ओरडत होती. झाकण न उघडताच, भोकांतून धूळ जाऊ नये म्हणून त्याने वर चिकटपट्टी लावली आणि पेटी चढवली.

"ऑस्ट्रेलियाचं सामान म्हणून मी त्यांचे बूटसुद्धा दात घासायच्या ब्रशने घासले," तो म्हणाला. "मातीचा कण नको म्हणतात ना ते. आणि माती भरलेली पेटी स्वतःच्या हाताने आत ठेवली."

"भोकं बुजवलीस?" ओनोंनी विचारलं. तामोने मान खाली घातली.

सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब सुरू झाला. झोपलेल्या कासवाला हवा थोडी पुरते, पण दंव सोसत नाही. लोखंडी कंटेनर दोन रात्री उघड्यावर होता, आणि थंडी शून्याच्या बरीच खाली गेली होती. पानांनी थंडी अडवली असेल तर असेल. पुढे जहाज विषुववृत्ताकडे सरकेल, लोखंड तापेल, आणि हेर्मीना काळोखात, पाण्यावाचून, बंद पेटीत जागी होईल. कंटेनर पहाटेच बंदरात गेला होता. दुपारी जहाजावर चढणार होता.

मालकीणबाई गेझिना आपल्या खोलीच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या आजोबांनी घोडागाडीवरून सुरू केलेली ही कंपनी. बाई कठोर नव्हत्या, पण नियमाच्या होत्या. त्यांनी वीबकेला आत घेतलं आणि दार लोटलं. सामान झिल्केचं आहे, म्हणाल्या. तिच्या शब्दाशिवाय कंटेनर मागे घेता येत नाही, आणि ती आकाशात आहे. जहाज चुकलं तर पोरं रिकाम्या घरात जमिनीवर झोपतील.

"आणि दुसरं," त्यांनी आवाज खाली आणला. "आपण सही केली आहे की आत घरसामान आहे. आता फोनवर सांगशील की आत जिवंत प्राणी आहे, तोही संरक्षित? जनावरांचं खातं आधी त्याला उचलून नेईल, मग चौकशी. म्हाताऱ्याला ते वसंतातही परत मिळेल की नाही, देव जाणे. आणि मिळेपर्यंत ते जगेल का?"

"मग सांगायचं काय? कंटेनर गळतोय?"

"खोटं नाही. या ऑफिसातून खोटं नाही जाणार."

काचेपलीकडे ओनो टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले दिसत होते. ते रडत नव्हते. चहात उभ्या चमच्याकडे बघत होते. वीबकेला वाटलं, इतकी घरं आपण पाठवली, एक घर थांबवता येत नाही. आणि तामोचं बोलणं तिच्या कानात परत वाजलं. बूट. ब्रश. मातीचा कण.

तिने दार उघडलं. "आजोबा, पेटीत पानं किती आहेत?"

"भरून आहेत. अल्मुथच्या झाडाची. खाली तिच्या बागेतली माती."

वीबके बाईंकडे वळली. "ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या कंटेनरमध्ये माती आणि वाळकी पानं आहेत, हे आपल्याला कळलंय. कळल्यावर गप्प बसायची मुभा आहे आपल्याला?"

मुभा नव्हती. उलट कळवणं आणि काढून घेणं कंपनीवर बंधनकारक होतं, गिऱ्हाइकाला विचारायचीही गरज नव्हती. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"फोन लाव," त्या म्हणाल्या. "पानांबद्दल बोल. विचारतील तेवढंच सांग. पण पानांखाली काय आहे असं कुणी विचारलं, तर तेही सांगायचं."

बंदरावरचा माणूस आधी हसला. इतक्या थंडीत पानं कुणाला आठवतात, म्हणाला. ऑस्ट्रेलियाला आठवतात, वीबके म्हणाली. मग त्याचा आवाज सरळ झाला. तो कंटेनर रांगेत लागला होता, वर अजून दोन चढलेले, आणि यारी त्याच रांगेवर काम करत होती. बघतो, म्हणाला, आणि फोन तसाच ठेवून गेला.

फोनमधून वारा येत होता, साखळ्यांचा खणखणाट, सीगल पक्ष्यांची कलकल. वीबके कानाशी फोन धरून बसली. तामो दारात, बाई खिडकीपाशी, ओनो खुर्चीत. कुणी कुणाकडे बघेना. सायीचा ढग चहात विरघळून गेला होता.

"उतरवतोय," आवाज परत आला. "कस्टमची बाई हजर असेल. दुपारच्या आत नवं सील लागलं, तर हाच कंटेनर हेच जहाज पकडेल. नाही लागलं तर नाही."

कंपनीच्या गाडीत तामो चालवायला बसला, शेजारी ओनो, मागे वीबके. बंदराच्या फाटकाशी ट्रकांची रांग होती, आणि त्या रांगेत तिघांचेही जीव टांगणीला लागले. ओनोंनी एकदाच विचारलं, पेटी आत किती खोल आहे. तळघर नेहमी शेवटी भरतात, म्हणून दाराशीच, तामो म्हणाला. "सायकलींच्या मागे. माझ्या हातानं ठेवलीय, आजोबा. डोळे मिटून काढेन."

कस्टमची बाई उंच, गालांवर थंडीचे लाल डाग असलेली. तिने सील कापलं. दार कुरकुरत उघडलं आणि आतला गारठा बाहेर आला, बाहेरच्याहून जास्त बोचरा. ओनो एक पाऊल मागे सरकले. मुलांची घसरगाडी निघाली, दोन सायकली निघाल्या, बागेतल्या खुर्च्या निघाल्या. मग पेटी. तामोने ती तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून खाली ठेवली, भोकांवरची चिकटपट्टी नखांनी ओरबाडली आणि स्क्रू काढले.

वर दंव नव्हतं. तपकिरी, कुरकुरीत, कोरडी पानं.

"हीच का?" कस्टमच्या बाईने विचारलं. तिने हातमोजा घातलेला हात पानांत खुपसला, तळाची माती बघायला. हात मध्येच थांबला. ती वाकलेलीच राहिली. बाईने मान वळवून ओनोंकडे पाहिलं. म्हातारा हात जोडल्यासारखा टोपी चुरगाळत उभा होता.

"हे आत कसं आलं?" ती म्हणाली.

"मी पट्टी सोडली," ओनो म्हणाले. "ती कुठेच जाणार नव्हती. माझ्याजवळ राहणार होती. तिचे कागद आहेत घरी, दर वर्षाच्या फोटोसकट."

कस्टमच्या बाईने हात अलगद बाहेर काढला, काढता काढता पानं सारखी केली. दूर कुठेतरी यारीचा भोंगा वाजला.

"माती आहे आणि पानं आहेत," ती म्हणाली. "ही पेटी ऑस्ट्रेलियाला जाणार नाही. देशात परत. उद्या त्या कागदांच्या नकला मला पाठवा, बाकीचं मी लिहिते." मग तामोकडे वळून, "आणि तुम्ही सायकली आत घाला. जहाज थांबत नसतं."

गाडीत तामोने सवयीने हीटर लावला. ओनोंनी तो बंद केला. गरम नको, म्हणाले, दचकून उठेल. खिडक्या थोड्या उघड्या ठेवून, नाकं गोठवत, तिघे परत आले. "मुडदा नेणाऱ्या गाडीतसुद्धा हीटर लावतात," तामो पुटपुटला, आणि लगेच जीभ चावली. ती जिवंत आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

ऑफिसच्या मागे जुन्या कागदांची खोली होती. खिडकी नाही, दंव नाही, ऊबही नाही. पेटी तिथे ठेवली. गेझिनाबाईसुद्धा आल्या, कोट न घालता. ओनो गुडघ्यांवर बसले. पानं एकेक करून बाजूला केली. कवच वर आलं, मातकट, निस्तेज, डोंगरावरच्या दगडासारखं गप्प. त्यांनी बोटाच्या टोकाने मागच्या पायाला स्पर्श केला आणि बोट तसंच ठेवलं.

काही झालं नाही.

बोट हललं नाही. तामोने तोंड भिंतीकडे केलं. ओनोंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. कुणाचं तरी नाव घेत असावेत, हेर्मीनाचं किंवा अल्मुथचं.

मग पाय सरकला. इतका हळू की सरकला म्हणायला धीर होईना. घड्याळाचा काटा सरकावा तसा, गादीवर पोर कूस बदलतं तसा, तो पाय म्हाताऱ्याच्या बोटापासून दूर, कवचाच्या आत गेला.

"रागावली," ओनो म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांचे डोळे भरून आले. "थंड बोट आवडत नाही तिला."

त्यांनी पानं परत पसरली. शेजाऱ्याच्या गॅरेजात दंव शिरणार नाही याचा भरवसा नाही, असं गेझिनाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. मार्चपर्यंत खोली हीच. दार लावून तामोने नव्या पट्टीचं रीळ पुढे केलं. ओनोंनी नको म्हणून मान हलवली, खिशातली घडी काढली, उलगडली आणि दाराला आडवी, कडीला बांधली. बोटीवरची गाठ मारली, ओढली की घट्ट होणारी.

"आजोबा, ही घडी करायची नसते हं," तामो म्हणाला.

"रोज येणार मी. वरून पाय टाकून जाईन."

बाहेर ऑफिसात वीबकेने ताजा चहा केला. बंदरावरून फोन आला होता. सील लागलं, कंटेनर चढला. झिल्केचं घर निघालं होतं, कपाटं, पलंग, सायकली, सगळं, एक पेटी सोडून. ओनो खिडकीतून पाण्याच्या दिशेने बघत बसले. पहिला कप संपला, दुसरा संपला. चमचा बशीतच आडवा पडून होता. वीबकेने विचारलं नाही. तिसरा कप ओतला.