चारच्या आधी जागे होणारे उंदीर

बत्तिसाव्या वर्षी माझ्या हाताखाली चोवीस उंदीर होते. आज कधी खावं यावर कोणीही सल्ला देतं. त्या काळी किती खाल्लं एवढंच मोजायचे. मी म्हणायची, शरीराच्या आत घड्याळ असतं आणि अवेळी आलेलं अन्न त्याला मानवत नाही.

उंदीर दिवसा झोपतात, रात्री जागतात. म्हणून बारा उंदरांना मी खाणं फक्त रात्री द्यायची आणि बारांना फक्त दिवसा. खाणं तेच, तोलून तेवढंच. वाट्या बदलायला सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मी हजर. सासूबाई म्हणायच्या, "घरातली माणसं जेवली का ते विचारू नका, उंदरांचं ताट मात्र मिनिटावर!"

नऊ आठवड्यांनी वजनं केली. दिवसा खाणारे जाड निघायला हवे होते. पण दोन्हीकडचे सारखेच गुबगुबीत!

आमच्या विभागाचे प्रमुख, म्हणजे सर, यांनी आकडे पाहून चष्मा काढला. "बाई, तुमचं घड्याळ बंद पडलेलं दिसतंय. सोमवारी संध्याकाळी खोली मोकळी करा, दुसऱ्यांना कबूल केलीय."

"तोपर्यंत माझीच ना?"

"हट्टी आहात."

"आहे."

चूक उंदरांची नव्हती, याची मला खात्री होती. प्रत्येक पिंजऱ्यात एक चाक होतं. उंदीर त्यावर धावला की कागदाच्या गुंडाळीवर शाईच्या रेघा उमटायच्या. रात्री खाणाऱ्यांच्या मी फक्त रात्रीच्या रेघा पाहिल्या होत्या. दिवसा झोपलेल्या उंदराचं काय पाहायचं? शनिवारी मी सगळे कागद घरी आणले आणि दिवसाखाली दिवस असे जेवणाच्या टेबलावर चिकटवले.

"आता जेवायचं कुठे?" ह्यांनी डिंकाची बाटली धरून विचारलं.

"उभ्याने."

आणि मग दिसलं. रात्री खाणारे बाराच्या बारा उंदीर रोज दुपारी साडेतीनला भर झोपेतून उठून चाकावर चढत होते. ठरल्या वेळी खाणं येणार असेल तर उंदीर आधीच जागा होतो. दिवसा खाणारे सकाळी सातच्या अर्धा तास आधी तेच करायचे. म्हणजे यांना चार वाजता कोणीतरी खायला घालत होतं! रविवारच्या रेघा तर पाचपर्यंत लांबलेल्या. बिचाऱ्यांनी वाट पाहिली, कोणी आलंच नाही.

रविवारी सुट्टी असणारा माणूस. खोलीच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे.

सोमवारी पावणेचारला मी पिंजऱ्यांजवळ स्टूल टाकून बसले. चारला दार उघडलं. हातात बशी, बशीत दोन बिस्किटं, आणि मागे सर. त्यांना गोड बंद होतं, घरी बाईसाहेबांचा पहारा कडक.

"अहो बाई, तुम्ही इथे?"

"उंदरांनी बोलावलं."

"एकेक तुकडाच देतो हो. अर्धं मी, अर्धं हे. तुम्ही वाट्या काढून नेता, दिवसभर उपाशी असतात पोरं."

"उपाशी नाही सर, झोपलेली असतात. तुम्ही उठवता."

मी कागद उलगडले. सरांचं बोट रेघांवरून सावकाश फिरत रविवारवर थांबलं. "मी नसतानासुद्धा?"

"तुमच्या बशीची वाट पाहत होते."

सर आधी ओशाळले, मग पोट धरून हसले. "आणि मी म्हणतो घड्याळ बंद पडलंय! मिनिटाचाही फरक नाही की हो." मग गंभीर झाले. "नऊ आठवडे वाया घालवले मी तुमचे."

"घालवलेत. नवे उंदीर द्या, आणखी नऊ आठवडे द्या."

"खोली कबूल केलीय मी."

"मग ज्यांना कबूल केलीत त्यांना हे कागद दाखवू, की तुमच्या घरी?"

"नको नको!" सरांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. बशी मात्र परत नेली.

पुढच्या नऊ आठवड्यांनी वजनं सरांनी स्वतः केली, दोन-दोनदा. रात्री खाणारे सडपातळ, दिवसा खाणारे गोल. त्यातला सगळ्यात लठ्ठ त्यांनी तळहातावर घेतला आणि सगळ्या विभागाला ऐकू जाईल असं म्हणाले, "याला मी काहीही दिलेलं नाही बरं का!"