अण्णांच्या गाडीचा श्वास

रविवारी सकाळी अख्खी वाडी आमच्या अंगणात जमली होती आणि सगळे बघत होते अण्णांच्या गाडीच्या नाकाकडे. नाकातून पाणी ठिबकत होतं!

कासवाच्या पाठीची ती जुनी परदेशी गाडी. इंजिन मागे, सामानाचा कप्पा पुढे. "माझी गाडी वाऱ्यावर थंड होते, पाण्याचा थेंब लागत नाही तिला!" माझ्या वडिलांचं, अण्णांचं, हे वाक्य वाडीला पाठ होतं. गेल्या महिन्यात कोल्हापूरहून गाडी दुरुस्त करून आणली आणि दुसऱ्याच दिवशी अण्णा हृदयविकाराने गेले. परवा आई ती घेऊन पावस गावच्या शाळेत शिकवायला गेली. परत आली, चावी काढली, आणि गाडीने नाकातून लांब उसासा टाकला. म्हणून तर भूतबाधा उतरवणारे मठातले महिपतबुवा आले. आल्या आल्या त्यांनी पुढच्या झाकणाला लाल दोरा बांधला.

"जीव अडकलाय गो त्यांचा," शेजारच्या गंगुबाईने डोळ्यांना पदर लावला.

बुवांनी गाडीपुढे कपाळ टेकलं, धगधगतं धुपाटणं नाकाखाली सरकवलं. "अण्णा! बायको गाडी चालवते, पसंत नाय ना तुम्हांस? नसेल तर श्वास टाका!" मग मंत्र. ह्रीं, फट्, मध्येच खोकला, पुन्हा ह्रीं.

बऱ्याच वेळाने आतून घरघर झाली. हूऽऽऽ! गरम वारा थेट माझ्या पायांवर आला. चावी तर आईच्या मुठीत होती! मी गंगुबाईच्या मागे लपले, खोटं कशाला सांगू?

"गाडी मठात न्यावी लागेल. बाईंनी पुन्हा चाकाला हात लावायचा नाही. आणि हे झाकण उघडाल तर घरात दुसरा मृत्यू!" बुवांनी फर्मावलं.

आईने चावी पुढे केली. माझी नजर धुपाटण्यावर गेली. ते सरकवल्यावरच श्वास आला होता.

"थांबा!" मी ओरडलेच. "धुपाटणं बाजूला करून विचारा."

"शाळकरी पोरीनं मध्ये बोलू नये!"

"अण्णा माझे होते!" मी धुपाटणं ओढून लांब ठेवलं. हळूहळू श्वास थांबला. "हं, विचारा आता."

बुवांनी मंत्र म्हटले, घाम पुसला, परत म्हटले. गाडी गप्प.

"रुसले ते! या पोरीमुळे!"

मी धुपाटणं पुन्हा नाकाखाली ठेवलं आणि वाट बघत उभी राहिले. हूऽऽऽ!

"रुसवा गेला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. पण हसलं कुणीच नाही. सगळे दोऱ्याकडे बघत होते.

"ऋजू, नको गं!" आई कळवळली. दुसरा मृत्यू म्हणजे आईचा, हेच माझ्या डोक्यात होतं. तरी दोरा तोडला. खटका ओढला.

आत सामान नव्हतंच. होता एक रेडिएटर, त्याला पंखा, आणि तळाखालून मागे इंजिनाकडे गेलेले दोन जाड पाइप. एका सांध्यातून पाणी गळत होतं. पंख्याची वायर रेडिएटरच्या तळाशी एका पितळी स्विचपर्यंत गेली होती. त्याच्या बरोबर खाली धुपाटणं!

"इस्त्रीत असतो ना, तसा उष्णतेवर चालणारा स्विच आहे हा, फक्त उलटा," मी म्हणाले. "तापला की पंखा सुरू, निवला की बंद. चावी असो, नसो. गाडी आंबा घाटात तापून बसायची, म्हणून अण्णांनी पाण्याने थंड करायची ही सोय कोल्हापुरात करून घेतली. सांगायला मात्र राहिले नाहीत. आणि बुवांचा तो नमस्कार? पंख्याची ही खुबी त्यांना ठाऊक असणार, खाली वाकून बघत होते, स्विच कुठाय ते!"

"घोर कलियुग!" म्हणत बुवा निघाले. धुपाटणं इथेच राहिलं.

आईने पाइपवरून हात फिरवला. "म्हणजे ते रागावले नव्हते?"

"रागावले असते तर वाटेत तू अडकू नयेस म्हणून एवढे पाइप टाकले असते?"

तेव्हा कुठे ती रडली.

भीती मलाही वाटली, तुम्हालाही वाटेल. पण कुणी झाकण उघडायला बंदी केली की आधी विचारा, का? आणि मग उघडाच.

सांधा घट्ट करून सोमवारी आई पावसला जाऊन आली. चावी काढली. हूऽऽऽ! गंगुबाई दचकली, "अजून श्वास टाकते गो!"

"तापलीय, मावशी," आई म्हणाली. "निवेल आता."