अपोलोनियाचं अंडं

पुढं जे लिहिलंय ते कुणालाही खरं वाटणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या निडरफेल गावात, मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी, अग्निशामक दलाच्या शेडमध्ये इतकी माणसं कोंबली गेली की बंब बाहेर काढून द्राक्षमळ्यात उभा करावा लागला. तेवढ्यात कुठं आग लागली असती तर गावानं ती फुंकरीनंही विझवली नसती, कारण थंड वारा तोंडात घ्यायची कुणाचीच तयारी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या आंबट वाइन चाखणारं गाव ते. सगळ्यांचेच दात ठणकत होते.

टेबलावर तपकिरी झग्यात बंधू कॉर्बिनियन उभा होता. तो कुठल्या मठाचा, हे एकाही मठाला ठाऊक नव्हतं.

"मंडळी, तुमचा विश्वास बसणार नाही," तो म्हणाला. "पलीकडच्या खोऱ्यात ब्याण्णव वर्षांची एक म्हातारी. तोंडाचं पार बोळकं. दातदुखी हरणाऱ्या संत अपोलोनियाच्या झऱ्याचं पाणी तिनं सहा महिने तोंडात धरलं. आता शेजारणी अक्रोड फोडून घ्यायला तिच्याकडे येतात."

"हातोडी स्वस्त पडली असती," मागून अलोईस पिंपवाला म्हणाला. लोक हसले, पण ओठ मिटून.

हेडविग थीलेन हसली नाही. ती पहिल्याच बाकावर बसली होती. गावाच्या सहकारी संघाची वाइन एकतीस वर्षं तीच चाखत होती. कुठलं पिंप कुठल्या पिंपात मिसळायचं हे तिची जीभ ठरवायची. आता तिच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्या होत्या आणि थंड घोट खिळ्यासारखा घुसायचा. ऑक्टोबरात ती दातांच्या डॉक्टर फोस यांच्याकडे गेली होती.

"हेडविगबाई, आंबटानं दाताचं कवच एकदा विरघळलं की परत उगवत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आतला पिवळा थर उघडा पडलाय, म्हणून दुखतंय. तो झाकता येईल, उरलेलं राखता येईल. चाखून झालं की साध्या पाण्यानं चूळ भरा, चीजचा तुकडा खा. आणि तासभर ब्रश लावू नका. मऊ पडलेलं कवच ब्रशनं खरवडलं जातं."

चाखून झालं की लगेच खसाखसा दात घासायचे, ही हेडविगच्या आईची शिकवण.

"म्हणजे एकतीस वर्षं मीच खरवडत होते?" तिनं विचारलं होतं. डॉक्टरांनी मान डोलावली होती.

पुढच्याच आठवड्यात कॉर्बिनियन गावात आला आणि म्हणाला, दात परत उगवतात. पाच महिने ती त्याचं पाणी रोज तीन वेळा तोंडात धरत होती. पाणी आंबट लागायचं, त्याला लवंगेचा वास यायचा. पण त्या डोंगरातले झरे आंबटच, आणि वास म्हणजे संतांची कृपा, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. ठणका थांबायचा. आरशात दात चकाकायचे. ती चकाकी म्हणजेच नवं कवच, असं तिनं स्वतःला पटवलं होतं.

कॉर्बिनियननं व्हिनेगरचे दोन ग्लास मांडले. एकात साधं अंडं सोडलं, ते फेसानं झाकून गेलं. दुसऱ्यात झऱ्याच्या पाण्यानं पावन केलेलं अंडं सोडलं. एक बुडबुडा नाही. मागची मंडळी बाकांवर चढली.

"अंड्याचं कवच तसं दाताचं," तो म्हणाला. "या हेडविगबाई, हे पावन अंडं हातात घ्या, मंडळींना दाखवा."

तिनं अंडं घेतलं. बोटांना ते ओळखीचं लागलं. तरुणपणी नऊ वसंत तिनं वेलींची कलमं बांधली होती, हजारो सांधे वितळलेल्या मेणात बुडवले होते. हा गुळगुळीतपणा तिला झोपेतही कळला असता.

अंडं खाली ठेवायचं, एवढंच करायचं होतं. ठेवलं असतं तर तिचे दात उगवत राहिले असते, निदान उन्हाळ्यापर्यंत.

"कसं वाटतंय?" कॉर्बिनियननं विचारलं.

तिनं अंड्यावर अंगठ्याचं नख ओढलं. पांढरट साल वळून वर आली. मग तिनं ते अंडं व्हिनेगरमध्ये नाही, त्याच्या पायाशी ठेवलेल्या पावन पाण्याच्या बरणीत सोडलं. पाणी शांत होतं. नखाच्या रेषेवरून, फक्त तेवढ्याच रेषेवरून, बुडबुड्यांची माळ निघाली.

"संतांची फुंकर आहे ती," कॉर्बिनियन घाईनं म्हणाला.

"मग फुंकर नख लागलं तिथंच का निघते?" अलोईसनं विचारलं.

"कारण बाकी सगळीकडं मेण आहे," हेडविग म्हणाली. "आणि हे पाणी म्हणजे लिंबासारखं आंबट काहीतरी आणि लवंग. लवंगेनं दुखणं झोपतं, तेवढ्यात आंबट दात खातं, आणि झिजून गुळगुळीत झालेला दातच चकाकतो. आपण पिंपात खडू टाकून वाइन मवाळ करतो. तो खडू आंबटात विरघळून जातो, हे आपल्याला माहीत आहे ना? मग वाइन तोंडात घेतल्यावर दाताचं काय होतं, हे कुणी कधी का विचारलं नाही? मीही नाही विचारलं. डॉक्टर खरं बोलल्या, ते मला ऐकवेना. पाच महिने हे मी तोंडात धरलं." तिनं बरणी दूर सारली. "घरी जा. साध्या पाण्यानं चुळा भरा. तासभर ब्रश नको. गेलं ते गेलं, उरलंय ते राखा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी त्यावर नख ओढून बघा."

"पण मंडळी," कॉर्बिनियन झगा सावरत टेबलावरून उतरून दाराकडे सरकत म्हणाला, "ती ब्याण्णव वर्षांची म्हातारी..."

"अशी कुणी म्हातारी नाही," हेडविग म्हणाली.