फूल नसलेली बंदूक

"आता जे सांगतो त्यावर तुमचा बापजन्मात विश्वास बसणार नाही," म्हणत इवाकिरी सार्वजनिक न्हाणीघराच्या कढत हौदात गळ्यापर्यंत उतरला. डोक्यावर पंच्याची घडी, तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं लाल.

"नाही बसला तरी सांगशीलच," तोफूवाला होशिझाकी म्हणाला.

सांगणारच! त्याने गावच्या संग्रहालयात एकदा एक फौजी बंदूक ओळखली होती. युद्धाच्या अखेरीस प्रयोगापुरती घडवलेली, देशात दुसरी नाही अशी. पण त्याचा वरिष्ठ त्सुरुमारु चारचौघांत म्हणाला, "इवाकिरी-कुन, हे भंगार आहे." भंगार एक वेळ चाललं असतं, पण पन्नाशीच्या माणसाला 'कुन'? शाळकरी पोराला म्हणतात तसं? बंदूक तळघरात गेली, इवाकिरी घरी. तेव्हापासून तो 'कुन' भाताच्या घासाघासाला दाताखाली खड्यासारखा लागत होता.

"आज वचपा काढला!" त्याने पाण्यावर थाप मारली. "त्सुरुमारुने स्वतःची दुर्मीळ बंदूक मांडली, तीही प्रयोगातली म्हणून. महापौर, बातमीदार, सगळा गोतावळा. म्हणतो कसा, 'हिच्यावरचं सम्राटाचं शेवंतीचं फूल शरणागतीच्या वेळी घासून काढलंय.' मी मागून विचारलं, 'का हो, फूल उठवायचे ते फौजेने पसंत केलेल्या बंदुकीवर. प्रयोगातल्या बंदुकीला ते लागतच नसे. मग घासलं काय, तुमचं कपाळ?'"

हौदात हशा पिकला. कोपऱ्यात वाफेआड कुणीतरी खोकलं.

"मग रे?" होशिझाकीने विचारलं.

तेवढ्यावर थांबला तर तो इवाकिरी कसला! "मग काय, तळघराचं कुलूप फोडलं, माझी बंदूक खांद्यावर टाकली नि थेट सभेत! त्सुरुमारु गुडघ्यांवर. कपाळ फरशीला, नाकातून धारा. म्हणाला, 'चुकलो, इवाकिरी-साहेब!' मी बंदूक त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, बघ मेल्या, डोळे फाडून बघ! दिव्यात शेवंतीची पाकळी न् पाकळी नुसती लखलखत होती!"

कोपऱ्यातली वाफ विरली आणि पाण्यावर त्सुरुमारुचं टक्कल उगवलं.

"इवाकिरी-कुन," तो सावकाश म्हणाला, "प्रयोगातल्या बंदुकीला फूल लागतच नसे ना? मग तुझ्या बंदुकीला ते कुठून फुटलं?"